सापाचे घर

कुत्रा पाळावयाचा तर दाराशी एक पोते टाकले तरी भागते. पोपटाला पिंजरा, गाईला गोठा, आणि मांजराला तर सारे घरच आपले. या प्राण्यांच्या निवाऱ्याचा विचार आपण फारसा करीत नाही, करावाही लागत नाही. थंडी वाजली तर मांजर चुलीपाशी येऊन बसते, भूक लागली तर गाय हंबरते, आणि कोंडून ठेवलेला कुत्रा साऱ्या आळीला जागे करतो. निवाऱ्यात काही उणे असले तर हे प्राणी आपणांस ते सांगतात.

साप सांगत नाही. फुत्कारापलीकडे त्याला आवाज नाही, डोळ्याला पापणी नाही, चेहऱ्यावर सुखदुःख उमटत नाही. थंडीने गारठलेला साप आणि पोटभर खाऊन सुखाने विसावलेला साप हे दोन्ही पाहणाऱ्याला सारखेच दिसतात. दोघेही वेटोळे घालून स्वस्थ पडलेले असतात. त्यामुळे सापाचे घर आधी विचार करून बांधावे लागते. तक्रार आली म्हणजे दुरुस्ती करू, असे म्हणून चालत नाही. तक्रार येतच नाही, एकदम आजार येतो.

युरोप-अमेरिकेत घरात साप पाळण्याची रीत आता चांगली रुजली आहे. तेथे साप दुकानात विकत मिळतात, त्यांच्यावर औषधोपचार करणारे पशुवैद्य आहेत, त्यांच्या निगेवर पुस्तके आहेत. नवा साप घरी आणावयाचा ठरला की पहिला प्रश्न येतो तो हाच, की याला ठेवावयाचे कोठे? पुष्कळांचे उत्तर एका ओळीचे असते: काचेची पेटी आणावी, वर झाकण घालावे, झाले. या उत्तरात काय उणे आहे तेच आज पाहावयाचे आहे. आपल्याकडचे साप घरात बाळगण्यास कायद्याची मनाई आहे, आणि ती योग्य आहे. त्याविषयी शेवटी बोलू. परंतु साप न पाळणाऱ्यानेही हा विषय समजून घ्यावा. सापाचे घर कसे असावे हे कळले म्हणजे सापाचे शरीर कळते, आणि ज्या देशात पावसाळ्यात प्रत्येक बांधावर साप दिसतो तेथील माणसाला ते कळलेले बरे.

पाहुण्याची ओळख

उदाहरण एकच घेऊ, म्हणजे बोलणे मोघम होणार नाही. पाश्चात्त्य देशांत घरोघरी जो साप सर्वाधिक आवडीने पाळला जातो त्यांपैकी एक म्हणजे कॉर्न स्नेक. हा मूळचा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागातला; उत्तरेस न्यू जर्सीपासून दक्षिणेस फ्लोरिडाच्या टोकापर्यंत आढळतो. बिनविषारी, तीन ते पाच फूट लांब, नारिंगी-तांबूस अंगावर काळ्या कडांचे लाल डाग, आणि पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटी. लिनियसने १७६६ साली त्याला शास्त्रीय नाव दिले. 'कॉर्न' म्हणजे मका. पोटावरच्या चौकटी रंगीबेरंगी मक्याच्या कणसासारख्या दिसतात म्हणून हे नाव पडले असे काही म्हणतात. मक्याच्या कणग्यांपाशी तो उंदीर टिपावयास येई म्हणून पडले असे दुसरे म्हणतात. आपल्याकडे खळ्याभोवती धामण फिरते तेच काम तिकडे हा करतो. आपला तस्कर नावाचा देखणा, निरुपद्रवी साप त्याच्या भाऊबंदांतला. शास्त्रज्ञांनी या दोघांना पुष्कळ वर्षे एकाच प्रजातीत ठेवले होते; अलीकडे त्यांची घरे वेगळी केली.

पाळीव कॉर्न स्नेक आज बहुधा माणसाच्या ताब्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले असतात. रानातून पकडून आणलेला साप घेऊ नये, हा तिकडच्या जाणकारांचाही पहिला नियम आहे. आणि दुसरा नियम आयुर्मानाचा. नीट ठेवलेला कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षे सहज जगतो. मुलगा बिगरीत असताना आणलेला साप तो पदवीधर होईपर्यंत घरात राहणार, हे ध्यानात ठेवूनच पेटीची मापे काढावयास बसावे.

ऊब बाहेरून यावयाची

आपल्या देहात एक भट्टी अखंड पेटलेली असते. बाहेर पौषातली थंडी असो की वैशाखातला वणवा असो, आत सदतीस अंशांच्या आसपास उष्णता कायम. ही भट्टी चालू ठेवण्यासाठी आपण दिवसातून दोनदा जेवतो. खाल्ल्या अन्नाचा फार मोठा भाग निव्वळ ऊब टिकविण्यात खर्च होतो. सापाने ही भट्टी ठेवलेलीच नाही. त्याची ऊब बाहेरून यावयाची: तापलेल्या दगडातून, उन्हातून, उबदार मातीतून. त्यामुळे त्याचा खर्च अगदी थोडा. मोठ्या कॉर्न स्नेकला दहा-चौदा दिवसांतून एक उंदीर पुरतो. पण या काटकसरीची किंमत त्याला दुसरीकडे मोजावी लागते. त्याचे पचन, हालचाल, रोगाशी झगडण्याची शक्ती ही सारी त्या क्षणीच्या उष्णतेवर अवलंबून असतात. पोटात उंदीर आहे आणि अंग गार आहे, अशा वेळी अन्न पचत नाही. ते आत सडू लागते आणि साप ते ओकून टाकतो.

यावरून एखाद्याला वाटेल की मग पेटी चांगली गरम ठेवावी म्हणजे झाले. येथेच मोठी चूक होते, आणि ती चूक एके काळी शास्त्रज्ञही करीत. सरपटणारे प्राणी, विशेषतः वाळवंटातले, वाटेल तेवढी उष्णता सोसतात अशी समजूत होती. रेमंड कौल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोघा अमेरिकन संशोधकांनी कॅलिफोर्नियातील कोचेला खोऱ्यात सरडे आणि साप यांच्या शरीरातली उष्णता प्रत्यक्ष मोजली, आणि १९४४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना आढळले ते असे, की हे प्राणी दिवसभर ऊन-सावलीची ये-जा करून आपली उष्णता एका अरुंद पट्ट्यात राखतात, आणि त्या पट्ट्याच्या थोडे वर गेले की मरतात. आपण जे काम आतल्या भट्टीने करतो तेच काम ते चालण्या-फिरण्याने करतात.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. सापाला एक ठरावीक उष्णता दिली म्हणून त्याची गरज भागत नाही. उंदीर गिळल्यावर त्याला ऊब हवी असते, एरवी गारवा हवा असतो, आणि कोणत्या वेळी काय हवे हे त्याचे त्यालाच कळते. आपण देऊ शकतो ती फक्त निवड.

जुन्या वाड्यात राहिलेल्यांना हे समजावयास कठीण नाही. त्या घरात ओसरी होती, माजघर होते, माडी होती, परस होते. सकाळी आजोबा ओसरीवर कोवळे ऊन घेत, दुपारी माजघरातल्या गार जमिनीवर पथारी पसरत, संध्याकाळी पुन्हा अंगणात येत. घर तेच, पण त्यात चार हवा होत्या, आणि माणूस वेळ पाहून जागा बदली. त्याच आजोबांना चोवीस तास माडीवर कोंडले असते तर? सापाची पेटी म्हणजे त्याचा वाडा. तिला एक ओसरी हवी आणि एक माजघर हवे.

पेटीची आखणी

आता प्रत्यक्ष मापे पाहू. कॉर्न स्नेकच्या पेटीचे एक टोक २८ ते ३० अंश सेल्सिअस उबदार ठेवतात आणि दुसरे टोक २२ ते २४ अंश. मधला भाग आपोआप मधला राहतो. ही ऊब आणण्यास पेटीच्या तळाखाली, सुमारे एक तृतीयांश भागात, विजेची पातळ गादी बसवितात, किंवा एका टोकाला छतातून दिवा सोडतात. दिव्याभोवती जाळी हवी. साप वर चढतो आणि गरम दिव्याला विळखा घालतो. आणि दिवा असो वा गादी, तिला थर्मोस्टॅट लावलाच पाहिजे. हे यंत्र ठरलेल्या अंशाला वीज कमी करते किंवा तोडते. ते न लावल्याने भाजलेले साप पशुवैद्यांकडे येतात. भोवतालची हवा गार असली की साप त्या एकाच तप्त जागेला चिकटून राहतो, आणि पोटाची कातडी भाजेपर्यंत हलत नाही. आत विजेने तापणारा दगड ठेवण्याची पद्धत यासाठीच आता सोडून दिली आहे. पेटीच्या दोन्ही टोकांना एकेक उष्णतामापक ठेवावा. हात लावून अंदाज करू नये. आपला हात त्याहून उबदार, त्याला तीस अंशही गारच लागणार.

पाश्चात्त्य पुस्तकांतला सारा भर थंडीपासून बचाव करण्यावर असतो. आपल्या हवेत अडचण उलटी येईल. नागपूरच्या वैशाखात खोलीतच चाळीस अंश झाले तर पेटीत गार टोक राहिलेच कोठे? तेथे दिवा बंद करून खोली थंड ठेवण्याचीच सोय लागते.

ही कल्पना काही आजची नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी जगातले पहिले सार्वजनिक दालन उघडले. पुढे त्याच संस्थेने नवे दालन बांधावयास घेतले तेव्हा त्याची आखणी जोन प्रॉक्टर या विदुषींकडे आली. त्या या विभागाच्या प्रमुख होत्या. १९२७ साली उघडलेल्या त्या इमारतीत त्यांनी विजेच्या साहाय्याने निरनिराळ्या भागांना निरनिराळी ऊब देण्याची सोय केली, आणि सूर्याचे अतिनील किरण आत येऊ देणारी खास काच बसविली. त्या वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारल्या. पण प्राण्याला नुसते प्रदर्शनात मांडण्याऐवजी त्याच्या देहधर्माप्रमाणे घर द्यावे, हा विचार त्यांनी विटामातीत उतरवून दाखविला.

किरणांविषयी एक शब्द. कॉर्न स्नेक हा संध्याकाळी व रात्री फिरणारा साप असल्याने त्याला अतिनील किरणांची गरजच नाही असे पुष्कळ दिवस मानीत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा किरणांच्या दिव्याखाली ठेवलेल्या कॉर्न स्नेकच्या रक्तात ड जीवनसत्त्वाचे प्रमाण वाढलेले आढळले. त्यामुळे असा मंद दिवा दिवसा लावावा असा सल्ला आता पुष्कळ जाणकार देतात. रात्री मात्र पूर्ण अंधार हवा. दिवस-रात्रीची निवडही त्याच्याकडून काढून घेऊ नये.

लांबी, रुंदी आणि आडोसा

पेटी किती मोठी असावी, याविषयी तज्ज्ञांत मोठा वाद होऊन गेला आहे. मोठ्या प्रमाणावर साप वाढविणारे लोक त्यांना कपाटाच्या खणांसारख्या बुटक्या डब्यांत ठेवतात. त्यांचे म्हणणे असे, की साप बिळात राहणारा प्राणी, त्याला मोकळ्या जागेची भीती वाटते, लहान डब्यातच तो निर्धास्त असतो. यात अर्धे सत्य आहे. उघड्यावर टाकलेला साप खरोखरच घाबरतो, खाणे सोडतो. पण त्याचे कारण जागा मोठी असणे हे नव्हे; आडोसा नसणे हे आहे.

इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठात कॉर्न स्नेकवरच याचा प्रयोग झाला आणि तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. सापांना लहान आणि मोठ्या, दोन्ही प्रकारच्या पेट्यांत ठेवून पाहिले. मोठ्या पेटीत ते अधिक हिंडले-फिरले; आणि दोहोंतून निवडण्याची मुभा दिली तेव्हा त्यांनी मोठी पेटी पसंत केली. त्याच्या दोनच वर्षे आधी, २०१९ साली, ब्रिटनमधील अभ्यासकांनी बंदिस्त सापांचे निरीक्षण करून दाखविले होते, की संधी मिळाली तर पुष्कळ साप अंग सरळ ताणून पसरतात. साप म्हणजे सदासर्वदा वेटोळेच, ही आपली समजूत बहुधा त्यांना ताणावयास जागा न दिल्यामुळे झालेली आहे. आपणही पाय पसरल्याशिवाय झोपू शकत नाही. सापाला पायच नाहीत म्हणून त्याला अंग पसरावेसे वाटत नसेल, असे समजण्यास आधार नाही.

तेव्हा नियम सोपा: पेटीची लांबी निदान सापाच्या लांबीइतकी असावी. पूर्ण वाढलेल्या कॉर्न स्नेकला चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी हे आज सर्वमान्य होत चाललेले माप आहे. साप याहून लांब झाला तर पेटीही वाढवावी. उंची हवी, कारण हा साप झाडावर चढणारा आहे. दोन-तीन जाड फांद्या आत घट्ट बसवाव्यात, सैल फांदी अंगावर पडून साप जखमी होतो.

आणि आडोसे दोन हवेत: एक उबदार टोकाला, एक गार टोकाला. हा मुद्दा लहान दिसतो, पण पुष्कळदा येथेच घोटाळा होतो. आडोसा एकच असेल आणि तो गार टोकाला असेल, तर सापापुढे पेच पडतो. ऊब हवी तर उघड्यावर जावे लागते, निर्धास्तपणा हवा तर गारठ्यात बसावे लागते. बहुतेक साप निर्धास्तपणा पत्करतात आणि गारठून आजारी पडतात. आडोसा अंगाला सर्व बाजूंनी टेकेल इतका अरुंद असावा. उलटे घातलेले मातीचे भांडे, त्याला गुळगुळीत कडेचे एक भोक, एवढेही पुरते.

ओल आणि कात

साप वाढतो तसतशी त्याची बाहेरची कातडी पुरी पडेनाशी होते आणि तो कात टाकतो. कात टाकण्याच्या आधी काही दिवस त्याचे डोळे निळसर दुधी होतात, कारण डोळ्यांवरही एक पारदर्शक खवला असतो आणि तोही बदलावयाचा असतो. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही. तो चिडखोर होतो, खात नाही. त्याला हात लावू नये.

हवा पुरेशी ओलसर असली तर कात नाकापासून शेपटीपर्यंत पायमोज्यासारखी अखंड उलटून निघते. हवा कोरडी असली तर तिचे तुकडे होतात, शेपटीच्या टोकाला तिची कडी राहून रक्त अडते, आणि डोळ्यावरचा जुना खवला तसाच राहून जातो. उलट सारी पेटीच ओली ठेवली तर पोटाच्या खवल्यांखाली फोड येऊन कातडी कुजू लागते. कॉर्न स्नेकला हवेतली आर्द्रता साधारण चाळीस ते साठ टक्के मानवते. यावरही उपाय निवडीचाच. सारी पेटी कोरडी ठेवून आत एक झाकणाचा डबा ठेवावा, त्यात ओलसर शेवाळ भरावे आणि कडेला आत जाण्यापुरते भोक ठेवावे. ज्या दिवशी ओल हवी त्या दिवशी साप आपण होऊन त्यात जाऊन बसतो. पाण्याचे भांडे जड असावे, म्हणजे उलटत नाही. पाणी रोज बदलावे.

तळाशी काय अंथरावे? अॅस्पेन नावाच्या झाडाच्या लाकडाचा भुसा तिकडे उत्तम मानतात. त्यात साप बीळ करतो आणि ते बीळ टिकते. देवदारासारख्या सुगंधी लाकडाचा भुसा मात्र घालू नये. त्यातली तेले सापाला बाधतात. नव्या सापाला पहिले काही आठवडे नुसत्या कागदावर ठेवणे बरे. कागदावर विष्ठा कशी आहे ते दिसते, आणि सापांना लागणाऱ्या रक्तपिपासू बारीक किडी असल्या तर त्या काळ्या ठिपक्यांसारख्या ओळखू येतात. घरात आधीचा साप असला तर नव्याला वेगळ्या खोलीत ठेवावे. दोघांना एका पेटीत तर कधीच ठेवू नये.

कडी

जेथून सापाचे डोके जाईल तेथून त्याचे सारे अंग जाते. झाकणावर पुस्तके ठेवून चालत नाही. कडी-कुलूपच हवे, आणि हवा खेळण्याच्या जाळीची भोके डोक्याहून लहान हवीत. साप मंदबुद्धी असतो या समजुतीवर विसंबू नये. अमेरिकेत डेव्हिड होल्ट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण कॉर्न स्नेक एका मोठ्या रिंगणात सोडून पाहिले. रिंगणाच्या तळाशी अनेक भोके होती, पण सुटकेचे भोक एकच. थोड्याच दिवसांच्या सरावाने साप त्या भोकाकडे पहिल्यापेक्षा लवकर व जवळच्या वाटेने जाऊ लागले. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. ज्याला वाट लक्षात राहते त्याला पेटीतली फटही लक्षात राहते.

निसटलेल्या सापाची गोष्ट घरापुरती राहत नाही. फ्लोरिडातील एव्हरग्लेड्सच्या दलदलीत आज ब्रह्मदेशी अजगर मोकाट वाढले आहेत. ते तेथले नव्हेत. पाळण्यासाठी आणलेल्यांपैकी काही निसटले, काही मालकांना जड झाले म्हणून सोडून दिले गेले. तेथील ससे आणि रॅकूनसारखे प्राणी त्यांनी जवळजवळ संपवीत आणले, आणि २०१२ साली अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारला त्यांच्या आयातीवर बंदी घालावी लागली. घर लहान पडू लागले म्हणून पाहुण्याला रानात सोडणे ही दया ठरत नाही. ते रानावरचे संकट आहे, आणि बहुधा त्या सापाचेही मरण आहे.

पहिला आठवडा

पेटी आधी तयार व्हावी, साप मागाहून यावा. चार-सहा दिवस रिकामी पेटी चालवून दोन्ही टोकांची उष्णता दिवसा व रात्री पाहावी. साप आणल्यावर त्याला आत सोडावे, आणि मग आठवडाभर त्याच्याकडे पाहण्याचा मोह आवरावा. शेजारीपाजारी दाखवावयास बोलावू नयेत. पाणी बदलण्यापलीकडे हात घालू नये. आठवड्याने उंदीर द्यावा: मेलेला, गोठवून ठेवलेला आणि पुरता वितळवून कोमट केलेला, सापाच्या अंगाच्या जाड भागाइतक्या जाडीचा. जिवंत उंदीर देऊ नये. कोंडलेला उंदीर उलटून चावतो, आणि त्या उंदरालाही नाहक भयाने मारणे बरे नव्हे. खाल्ल्यावर दोन दिवस सापाला उचलू नये. आणि प्रत्येक वेळी हात साबणाने धुवावेत. सापांच्या अंगावर साल्मोनेला जातीचे जंतू असू शकतात, आणि पाच वर्षांखालील मुलांना त्यांची बाधा लवकर होते.

आपल्याकडचा प्रश्न

आता आपल्या घराकडे वळू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, धामण, अजगर आदी आपले साप पकडणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे. परदेशी साप मात्र अलीकडे आपल्या शहरांतून येऊ लागले आहेत. या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी प्राणी ज्यांच्याजवळ आहेत त्यांना तेव्हापासून त्यांची सरकारदरबारी नोंद करणे बंधनकारक आहे. आफ्रिकेतला बॉल पायथॉन हा लहान अजगर त्या यादीत आहे. पण नोंद केली म्हणजे घर झाले, असे नव्हे. कागद सरकारला हवा. सापाला आपण वर पाहिले ते सारे हवे.

या मापाने गारुड्याची टोपली मोजून पाहा. ना ऊब, ना गारवा. ना ओल, ना पाणी. अंग ताणावयास जागा नाही. झाकण उघडते ते फक्त पुंगीसमोर उभे राहण्यासाठी. विषदंत बहुधा उपटलेले असतात, त्यामुळे तोंड पिकते. आणि सणाला तहानलेल्या सापापुढे दूध येते, जे त्याचे अन्नच नव्हे. आपण हात जोडले आणि पैसे टाकले, पण त्या टोपलीत काय आहे आणि काय नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिले नाही. आज कायद्याने टोपली पुष्कळशी बंद झाली आहे. परंतु टोपलीची जागा हौशी माणसाच्या शोभेच्या काचपेटीने घेतली, तर सापाच्या दृष्टीने फरक काय पडला?

'आयत्या बिळावर नागोबा' अशी म्हण आपण दुसऱ्याच्या कष्टांवर बसणाऱ्याला लावतो. सापाच्या बाबतीत मात्र ती साधी वस्तुस्थिती आहे. नागाला हातपाय नाहीत. त्याला घर बांधता येत नाही. वाळवीने वारूळ बांधावे, उंदराने बीळ पोखरावे, शेतकऱ्याने बांधाला दगड रचावेत, तेव्हा त्याला घर मिळते. आणि ते घर किती अचूक असते! वारुळात वर ऊब, खाली गारवा. बाहेर कोरडे, आत ओलसर. दाराशी उजेड, पोटात अंधार. आपण विजेच्या गाद्या, मापके आणि शेवाळाचे डबे आणून ज्याची नक्कल करतो ते सारे तेथे फुकट आहे.

म्हणून ज्याला कायद्याने आलेला परदेशी साप सांभाळावयाचा असेल त्याने ते वाळवीचे काम अंगावर घ्यावे, आणि पंधरा-वीस वर्षे निभावण्याची तयारी असेल तरच घ्यावे. बाकी आपणां सर्वांपुढे काम सोपे आहे. घराच्या भिंतीतली भोके बुजवावीत, दाराशी अडगळ आणि सांडलेले धान्य राहू देऊ नये, म्हणजे उंदीर येणार नाहीत आणि त्यांच्या मागोमाग सापही येणार नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार विषारी जातींची ओळख करून घ्यावी. साप आत आलाच तर काठी न उगारता वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवावे. आणि घरापासून दूर, शेताच्या कडेला जे वारूळ उभे आहे, बांधावर जो दगडांचा ढीग आहे, तो साफसफाईच्या उत्साहात मोडू नये. तेथे कोणीतरी राहत असते.